बाबांच्या वहीतले ४१,३०० रुपये : खऱ्या नफ्याच्या नोंदी

रविवार, २७ जुलै २०२५

आज काम सुरू केलं. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून शेअरचे सौदे शंभरपानी वहीत लिहून ठेवतात. प्रत्येक ओळीत तारीख, कंपनी, किती घेतले, कितीला घेतले, कितीला विकले आणि शेवटी फरक. आर्थिक वर्ष २०२४-२५ च्या पानांची बेरीज त्यांनी स्वतः दोनदा केली आहे : ४१,३०० रुपये. बेरीज बरोबर आहे, मी पण तपासली.

पण आज जेवताना ते म्हणाले, "अगं, एवढा नफा झाला तर खात्यात तेवढे पैसे वाढलेले दिसत का नाहीत?" या प्रश्नाचं उत्तर त्यांना नीट मिळायला हवं. आयकर विवरणपत्र भरायची मुदत यंदा ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर झाली आहे, म्हणजे हातात सात रविवार आहेत. पतसंस्थेत दिवसभर दुसऱ्यांचे हिशेब जुळवते, तर घरचाही पैशापर्यंत जुळवायचा असं ठरवलं.

कागदपत्रं : बाबांची वही, बँकेचं पासबुक, ब्रोकरच्या मेलवर आलेल्या सगळ्या कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे सौद्यांच्या पावत्या (प्रत्येक पीडीएफला पॅन नंबरचा पासवर्ड), आणि ब्रोकरकडचं त्यांचं लेजर, म्हणजे खातेउतारा. वर्षभरात डीमॅटमधून, म्हणजे शेअर ठेवायच्या इलेक्ट्रॉनिक खात्यातून, शेअर बाहेर गेल्याच्या ७१ नोंदी निघाल्या.

बाबा सगळे सौदे डिलिव्हरीचे करतात. सकाळी घेऊन दुपारी विकायचं काम त्यांनी कधीच केलं नाही, त्यामुळे इंट्राडेचे वेगळे दर आणि त्याचं सट्टा-उत्पन्न हा भाग वगळता आला.

रविवार, ३ ऑगस्ट

एकच सौदा घेऊन सूत्र बसवलं. नोव्हेंबर २०२४ मधला, मुद्दाम गोल आकड्यांचा निवडला. एका पंप बनवणाऱ्या कंपनीचे २० शेअर ५०० रुपयांनी घेतले, नऊ दिवसांनी ५१२ ला विकले. वहीतला फरक २४० रुपये.

खरेदी १०,००० रुपयांची. ब्रोकरचा दर ०.३० टक्के, म्हणजे दलाली ३० रुपये. सिक्युरिटीज ट्रॅन्झॅक्शन टॅक्स, म्हणजे एसटीटी, ०.१ टक्का : १० रुपये. एक्स्चेंजचं, म्हणजे शेअर बाजाराचं, व्यवहार शुल्क लाखाला २ रुपये ९७ पैसे, म्हणून इथे ३० पैसे. बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीचं शुल्क कोटीला १० रुपये, म्हणजे इथे एक पैसा. मुद्रांक शुल्क ०.०१५ टक्के, फक्त खरेदीवर : दीड रुपया. आणि वर १८ टक्के जीएसटी.

मी पहिल्यांदा जीएसटी सगळ्या बेरजेवर लावला आणि आकडा कॉन्ट्रॅक्ट नोटपेक्षा २ रुपये ७ पैसे जास्त आला. अर्धा तास त्यात गेला. जीएसटी फक्त सेवेवर लागतो : दलाली, एक्स्चेंजचं शुल्क आणि सेबीचं शुल्क या तीनच रकमांवर. एसटीटी आणि मुद्रांक हे स्वतःच कर आहेत, त्यांच्यावर पुन्हा जीएसटी नाही. ते दोन काढल्यावर खरेदीचा खर्च ४७ रुपये २६ पैसे आला आणि नोटेशी जुळला.

विक्री १०,२४० ची. तिथे मुद्रांक नाही, बाकी सगळं तसंच : ४६ रुपये ६२ पैसे. एसटीटी हिशेबाने १०.२४ येतो, पण नोटेत तो पूर्ण रुपयात धरतात, म्हणून १०.

इथपर्यंत कॉन्ट्रॅक्ट नोट. पण लेजरमध्ये दुसऱ्या दिवशी आणखी एक नोंद आहे, २३ रुपये ६० पैशांची. हा डीपी चार्ज. शेअर विकले की ते डीमॅटमधून बाहेर काढण्याचे पैसे : २० रुपये आणि त्यावर जीएसटी. हा कॉन्ट्रॅक्ट नोटेत नसतो आणि सौद्याच्या रकमेशी त्याचा संबंध नसतो. एका दिवशी एका कंपनीचे शेअर विकले की एकदा, मग ते चार असोत की चारशे. बाबांना हा चार्ज माहीतच नव्हता. वही सौद्याची, आणि हा पैसा सौद्याच्या बाहेर कापला जातो, त्यामुळे तो वहीत येण्याचा मार्गच नव्हता.

एकूण खर्च ११७ रुपये ४८ पैसे. २४० मधून १२२.५२ उरले. अजून आयकर जायचा आहे.

मंगळवार, ५ ऑगस्ट

रात्री थोडा वेळ मिळाला. दरांचा वेगळा तक्ता केला, प्रत्येक दरापुढे 'कधीपासून' हा रकाना ठेवून. याची गरज लगेच कळली, कारण याच एका आर्थिक वर्षात दोन गोष्टी मध्येच बदलल्या.

पहिली, एक्स्चेंजचं शुल्क. सप्टेंबर २०२४ अखेरपर्यंतच्या नोटांत लाखाला ३ रुपये २२ पैसे दिसतात, १ ऑक्टोबरपासून २ रुपये ९७ पैसे. आधी एक्स्चेंज ब्रोकरकडून उलाढालीच्या टप्प्यांप्रमाणे शुल्क घ्यायचं, मोठ्या ब्रोकरला दर कमी पडायचा. ग्राहकाकडून मात्र सर्वांत महाग टप्प्याचा दर घेतला जायचा आणि मधला फरक ब्रोकरकडे राहायचा. सेबीने १ जुलै २०२४ च्या परिपत्रकाने ते बंद केलं : ग्राहकाकडून जे घेतलं, तेच आणि तेवढंच एक्स्चेंजला पोचलं पाहिजे. बाबांच्या उलाढालीवर या बदलाचा फरक काही रुपयांचाच आहे. पण कोणाचा पैसा कोणाच्या खिशात जातो हे स्पष्ट झालं, आणि मला हा नियम मनापासून योग्य वाटतो.

दुसरी, भांडवली नफ्यावरचा कर. २३ जुलै २०२४ पासून अल्पकालीन नफ्यावर (शेअर वर्षभराच्या आत विकले तर) १५ ऐवजी २० टक्के, दीर्घकालीन नफ्यावर (वर्षापेक्षा जास्त ठेवून विकले तर) १० ऐवजी साडेबारा टक्के, आणि दीर्घकालीनची सवलत १ लाखावरून सव्वा लाख. दर विक्रीच्या तारखेवर ठरतो. म्हणून विक्रीच्या याद्या दोन केल्या : २२ जुलैपर्यंतची आणि नंतरची.

जुन्या लॉटच्या, म्हणजे एकेका वेळी घेतलेल्या शेअरच्या गटांच्या, खरेदीच्या नोटा चाळताना जून २०२० पर्यंतच्या नोटांत विक्रीवरही मुद्रांक दिसला. तेव्हा मुद्रांक राज्याराज्यांचा वेगळा होता. १ जुलै २०२० पासून देशभर एकच दर आला आणि तो फक्त खरेदीदारावर. जूनच्या अखेरची आणि जुलैची नोट शेजारी ठेवली की हे लगेच दिसतं.

रविवार, १० ऑगस्ट

सूत्र सगळ्या सौद्यांना लावलं. मोठे सौदे पैशापर्यंत जुळले. छोटे जुळेनात. जिथे जिथे रक्कम आठ हजारांच्या आत, तिथे ब्रोकरने माझ्या आकड्यापेक्षा जास्त कापलेलं, आणि रक्कम जितकी लहान तितकी तफावत मोठी.

खातं उघडतानाचा दरपत्रकाचा कागद बाबांच्या फाइलमध्ये सापडला. तिसऱ्या पानावर एक ओळ आहे : दलाली ०.३० टक्के किंवा प्रति सौदा २५ रुपये, जे जास्त असेल ते. ८,३३३ रुपयांच्या खाली नेहमी २५ रुपयेच लागणार. कागदावर बाबांची सही आहे, त्यामुळे बेकायदा काही नाही.

पण याचा अर्थ काय होतो तो मांडून बघितला आणि वाईट वाटलं. बाबा महिन्याच्या शेवटी पेन्शनीतून उरलेल्या दोन हजारांचे शेअर घ्यायचे. "थेंबे थेंबे तळे साचे" म्हणून. ५०० रुपयांचे ४ शेअर घेतले, तर खरेदीच्या वेळी ३१ रुपये ८७ पैसे जातात. विकताना दलाली, एक्स्चेंज-सेबीचं शुल्क आणि जीएसटी मिळून २९.५८, एसटीटी २, डीपी २३.६०. मुद्दल सुटायला भाव ५२१ रुपये ७६ पैसे यावा लागतो. म्हणजे चार टक्क्यांहून जास्त वाढ निव्वळ खर्च भागवायला. बाबा अशा सौद्यात ५१५ ला विकून वहीत "+ ६०" लिहायचे. प्रत्यक्षात तिथे तोटा होता.

हाच हिशेब वेगवेगळ्या रकमांना लावला. ५०० रुपयांच्या शेअरमध्ये १०,००० गुंतवले तर मुद्दल ५०५.८६ ला सुटतं. एक लाख गुंतवले तर ५०४.७९ ला. वर जाताना फरक झपाट्याने कमी होतो, कारण डीपी चार्ज आणि किमान दलाली मोठ्या रकमेवर पसरतात.

'मुद्दल सुटायचा भाव' हा रकाना आता तक्त्यात कायमचा ठेवला. खरेदीचा भाव आणि संख्या टाकली की तो आपोआप येतो. माझ्या मते सगळ्या कामातला हाच रकाना बाबांच्या सगळ्यात उपयोगाचा. झालेल्या सौद्याचा नफा कळून काही बदलत नाही. विकायच्या आधी हा भाव समोर असला तर सौदा बदलू शकतो.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

सुट्टी. झेंडावंदन करून आल्यावर दिवसभर रिलायन्सच्या एका ओळीवर गेला. पण आज जे कळलं ते आधी कळलं असतं तर तक्ता सुरुवातीपासून वेगळा बांधला असता.

वहीत असं आहे : मार्च २०२२ मध्ये २० शेअर, भाव २,४१०. ऑक्टोबर २०२४ मध्ये एकास एक बोनस, म्हणजे हातातल्या प्रत्येक शेअरमागे आणखी एक, म्हणून ४० झाले. डिसेंबरमध्ये २० विकले, भाव १,२७०. बाबांनी २,४१० चे निम्मे १,२०५ केले, ६५ रुपये फरक, गुणिले २० : नफा १,३००.

पहिली राहिलेली गोष्ट : जुलै २०२३ मध्ये रिलायन्समधून जिओ फायनान्शियल वेगळी झाली आणि प्रत्येक शेअरमागे तिचा एक शेअर मिळाला. ते २० शेअर डीमॅटमध्ये आहेत, पण वहीत "फुकट मिळाले" एवढंच लिहिलंय. फुकट नाहीत. कंपनीने मूळ किमतीची वाटणी जाहीर केली होती : ९५.३२ टक्के रिलायन्सकडे, ४.६८ टक्के जिओ फायनान्शियलकडे. म्हणजे ४८,२०० मधले २,२५५ रुपये ७६ पैसे तिकडे गेले आणि रिलायन्सची किंमत ४५,९४४.२४ राहिली. ४० शेअरना भागलं तर शेअरमागे १,१४८.६१. मग २० शेअरवरचा नफा १,३०० नाही, २,४२८. बाबांच्या वहीपेक्षा १,१२८ जास्त. वहीतल्या आकड्यात आतापर्यंत झालेली एकमेव वाढ!

दुसरी गोष्ट जास्त अवघड. कर खात्याला ही सरासरी मान्य नाही. डीमॅटमधले शेअर आधी आले ते आधी गेले असंच धरायचं, प्रत्येक डीमॅट खात्याचं स्वतंत्र. प्रत्यक्ष कर मंडळाचं २४ जून १९९८ चं परिपत्रक, क्रमांक ७६८, त्यात हे सांगितलंय. त्यामुळे डिसेंबरमध्ये विकलेले २० हे २०२२ चे मूळ शेअर ठरतात, पूर्ण ४५,९४४ रुपयांचे. बोनसचे २० अजून हातात आहेत आणि कराच्या दृष्टीने त्यांची खरेदी किंमत शून्य.

म्हणजे ज्या सौद्यात बाबांच्या हातात खरोखर २,४०० च्या वर आले, त्याच सौद्यात कागदावर २०,५०० चा दीर्घकालीन तोटा आहे. आणि तो पूर्ण कायदेशीर आहे. बोनसच्या तोंडावर शेअर घेऊन मूळ शेअर तोट्यात विकणाऱ्यांसाठी वेगळा नियम आहे, त्यात रेकॉर्ड तारखेच्या (त्या दिवशी शेअर ज्याच्या नावावर, त्यालाच बोनस) आधीच्या तीन महिन्यांतली खरेदी बघतात. बाबांची खरेदी अडीच वर्षं आधीची, त्यामुळे तो इथे लागत नाही.

संध्याकाळी तक्ता मोडून दोन भाग केले. एकाला नाव दिलं 'हातातला', दुसऱ्याला 'करातला'. हातातल्यात बोनस आणि विभाजनानंतरची (एका शेअरचे अनेक झाल्यानंतरची) सरासरी किंमत आणि सगळे खर्च. करातल्यात खात्याच्या नियमाप्रमाणे लॉट, शून्य किमतीचे बोनस, आणि वजावट मिळते तेवढेच खर्च. एकाच रकान्यात दोन्ही बसवायचा प्रयत्न करत राहिले असते तर हिशेब कधीच जुळला नसता.

बाबांना रिलायन्सचं समजावून सांगितलं. त्यांनी तीन वेळा विचारलं, "मग नफा झाला की तोटा?" तिन्ही वेळा मी दोन्ही तक्ते उघडून दाखवले. शेवटी म्हणाले, "म्हणजे बोनसचे विकीन तेव्हा सगळंच्या सगळं नफा धरणार ते." अगदी बरोबर समजले.

रविवार, १७ ऑगस्ट

आमच्या सीएंकडे जाऊन आले. तीन प्रश्न होते.

एसटीटी वजा करता येतो का? भांडवली नफ्यात नाही. दलाली, तिच्यावरचा जीएसटी, एक्स्चेंजचं शुल्क, खरेदीचा मुद्रांक हे धरता येतं. एसटीटी नाही. शेअरचा धंदा म्हणून उत्पन्न दाखवणाऱ्याला तो खर्च म्हणून मिळतो, गुंतवणूकदाराला मिळत नाही.

मला हे पटत नाही, इथे लिहूनच ठेवते. एसटीटी १ ऑक्टोबर २००४ पासून आला, चिदंबरम अर्थमंत्री असताना, आणि त्या बदल्यात शेअरवरचा दीर्घकालीन नफा करमुक्त झाला होता. घेतानाच थोडं घ्यायचं आणि पुढे मागायचं नाही, असा तो व्यवहार. २०१८ च्या अर्थसंकल्पात जेटलींनी दीर्घकालीन नफ्यावर कर परत आणला, पण एसटीटी तिथेच राहिला. बाबा आता जो पैसा त्यांच्या हातात कधी आलाच नाही, त्यावरही कर भरतात. वर्षभरात १,८४२ रुपये एसटीटी गेला, आणि करातल्या तक्त्यात ते १,८४२ अजून नफा म्हणून उभे आहेत.

डीपी चार्ज? सीएंनी विक्रीचा खर्च म्हणून धरायला सांगितला, कारण तो त्या विक्रीमुळेच लागतो. डीमॅटचं वार्षिक शुल्क मात्र नाही, ते खातं ठेवण्याचं आहे.

रिलायन्सचा तोटा? दीर्घकालीन तोटा फक्त दीर्घकालीन नफ्यातूनच वजा होतो, अल्पकालीनमधून नाही. बाबांचा दुसरा दीर्घकालीन नफा ९,६०० आहे. तो तसाही सव्वा लाखाच्या सवलतीत करमुक्त झाला असता, पण तोटा आधी त्यातून जातो आणि मग सवलत. म्हणजे तोट्यातले ९,६०० असेच खर्ची पडले. तोट्यात खरेदी-विक्रीचा खर्चही धरल्यावर उरलेले सुमारे ११,२४० आठ वर्षं पुढे ओढता येतील, पण विवरणपत्र मुदतीत भरलं तरच.

मंगळवार, २६ ऑगस्ट

उद्या गणपती, घरात मोदकांची तयारी, आणि सकाळी साडेनऊला बाबांचा फोन. आवाज घाबरलेला. "एचडीएफसी बँक निम्मी झाली गं."

निम्मी झाली नव्हती. बँकेने आपल्या इतिहासातला पहिला बोनस दिलाय, एकास एक. रेकॉर्ड तारीख २७ ऑगस्ट, पण उद्या चतुर्थीची बाजाराला सुट्टी, म्हणून आजच शेअर बोनसविना उघडला. काल दोन हजारांच्या आसपास असलेला भाव आज हजाराच्या आत. बोनसचे शेअर अजून डीमॅटला जमा झालेले नाहीत, आणि ॲप जुनी संख्या नव्या भावाला गुणून लाल आकडा दाखवतंय. बाबांचे ३० शेअर, १,४५० ने घेतलेले. नफ्यातली गुंतवणूक एका रात्रीत मोठ्या तोट्यात दिसायला लागली.

त्यांनी विकण्यासाठी आकडेसुद्धा टाकले होते, बटण दाबायच्या आधी फोन केला एवढं बरं.

रात्री तक्त्यात 'घटना' नावाचं नवीन पान केलं : बोनस, विभाजन, विलगीकरण (जिओ फायनान्शियलसारखं), तारीख, प्रमाण. तारीख आली की हातातल्या तक्त्यात संख्या आणि सरासरी आपोआप बदलते. एचडीएफसी बँक : ६० शेअर, सरासरी ७२५. करातल्यात ३० शेअर १,४५० चे, ३० शून्याचे.

रविवार, ७ सप्टेंबर

काल विसर्जन झालं. आज बेरीज केली.

वहीतला नफा ४१,३००. रिलायन्सची दुरुस्ती धरून ४२,४२८. विकलेल्या लॉटांची खरेदी आणि विक्री मिळून उलाढाल १८,३७,५७२ रुपये.

दलाली ५,९४२. नुसत्या ०.३० टक्क्याने ती सुमारे ५,५१३ आली असती, वरचे ४२९ किमान दलालीचे. एक्स्चेंज आणि सेबी मिळून ५९. जीएसटी १,०८०. एसटीटी १,८४२. मुद्रांक १३५. डीपी चार्ज ७१ वेळा, १,६७६. एकूण १०,७३४ रुपये.

यात दलाली आणि तिच्यावरचा जीएसटी सात हजारांच्या वर जातात, जवळपास दोन तृतीयांश. मी सुरुवातीला समजत होते की सरकारच सगळं खातं. कराआधीच्या खर्चात तरी तसं नाही. हेच सौदे डिलिव्हरीवर दलाली न घेणाऱ्या आणि १५ रुपये ९३ पैसे डीपी चार्ज घेणाऱ्या ब्रोकरकडे झाले असते तर खर्च सुमारे ३,१७८ आला असता.

४२,४२८ मधून खर्च वजा जाता ३१,६९४. डीमॅटचं वार्षिक शुल्क जीएसटीसह ५३१, ते गेल्यावर ३१,१६३.

कर : करातल्या तक्त्यात अल्पकालीन नफा २१,७१२. त्यातला ५,२०० हा २३ जुलैआधीचा, १५ टक्क्यांनी ७८०. उरलेले १६,५१२ वीस टक्क्यांनी ३,३०२. चार टक्के उपकर धरून ४,२४६. पेन्शन आणि वरच्या मजल्याचं भाडं मिळून बाबांचं उत्पन्न सात लाखांच्या थोडं वर आहे. पेन्शनीच्या शेवटच्या रुपयावर त्यांना १० टक्के कर आणि शेअरच्या रुपयावर २०. सीएंना पुन्हा विचारून खात्री केली. दर ठरलेला आहे, उत्पन्नाच्या टप्प्याशी त्याला देणंघेणं नाही.

हातात राहिले २६,९१७ रुपये.

लाभांश यात धरलेला नाही, तो वेगळ्या पानावर. एप्रिल २०२० पासून तो भागधारकाच्या उत्पन्नात धरतात आणि त्याचा कर टप्प्याप्रमाणे लागतो, सौद्यांच्या नफ्यात मिसळला की दोन्ही हिशेब बिघडतात.

बाबांना आकडा सांगायचा धीर होत नव्हता. त्यांनी चष्मा लावून सगळा तक्ता वरून खाली वाचला, वहीशी ताडून बघितला, आणि विचारलं, "बँकेत ठेवले असते तर?" याचं उत्तर द्यायला पैसे किती दिवस अडकले होते ते लागतं. प्रत्येक लॉटची रक्कम आणि दिवस होतेच. सरासरी ३ लाख १० हजार वर्षभर गुंतलेले निघाले. २६,९१७ म्हणजे ८.७ टक्के. ज्येष्ठ नागरिकांना मुदत ठेवीवर सव्वासात टक्के मिळत होते, कर जाऊन साडेसहा. म्हणजे जास्तच मिळालं, सुमारे ६,८०० रुपये. बाबा म्हणाले, "वर्षभर सकाळी सव्वानऊला टीव्हीसमोर बसायचे सहा हजार आठशे." मग थोडा वेळ गप्प बसले. मी पण काही बोलले नाही.

शनिवार, १३ सप्टेंबर

विवरणपत्र भरलं. आयकर खात्याच्या वार्षिक माहिती विवरणातल्या विक्रीच्या रकमा आपल्याशी जुळल्या. खरेदी किमती तिथे अंदाजाने धरलेल्या होत्या, त्या आपल्या तक्त्यातून घातल्या. पुढे ओढायचा तोटा नोंदवला, पोचपावती छापून वहीत चिकटवली.

रविवार, २८ सप्टेंबर

बाबांनी स्वतः ब्रोकरच्या कार्यालयात जाऊन तक्ता दाखवला. मी बरोबर नव्हते. दलालीचा दर ०.३० वरून ०.१५ झाला आणि २५ रुपयांची अट निघाली. इतकी वर्षं विचारलंच नव्हतं. डीपी चार्ज तसाच राहिला. खातं दुसरीकडे हलवायचा विचार केला होता, पण तिथला माणूस त्यांना वीस वर्षं ओळखतो, फोनवरून ऑर्डर घेतो, आणि बाबांना ते हवं आहे. त्यासाठी किती मोजतोय हे आता त्यांना माहीत आहे.

नवे दर तक्त्यात टाकले, 'कधीपासून' च्या रकान्यात तारीख घालून.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. मुहूर्ताचे सौदे यंदा संध्याकाळी नाहीत, दुपारी पावणेदोन ते पावणेतीन. बाबांनी जेवण लवकर उरकलं. दर वर्षी ते शकुनाचा एक शेअर घेतात.

निवडलेल्या शेअरचा भाव हजाराच्या घरात होता. बाबांनी मला तक्ता उघडायला सांगितला. १,००० चा एक घेतला तर मुद्दल कितीला सुटतं? सुमारे १,०२९ ला. पाच घेतले तर? साडेदहा रुपये वर, १,०१० आणि ५० पैसे.

पाच घेतले. वहीत नवीन पान उघडलं, तारीख लिहिली, खरेदीच्या भावाशेजारी पट्टीने एक जास्तीची उभी रेघ मारली आणि त्या रकान्यात १,०१०.५० लिहिलं.